तरुणांना वाणी लाभावी म्हणून

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मुनिरका येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होत असता मागे वळून पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. रामकृष्णपुरम्‌च्या सरकारी निवासांतून आणि मुनिरक्याच्या वसाहतींतून माणसे गोळा करून ज्यांनी हे मंडळ उभे केले, त्यांचे ऋण शब्दांनी फिटणारे नाही. परंतु चालकांनी मला दिलेला विषय पुढच्या पन्नास वर्षांचा आहे : आपल्या तरुणांना स्वतःची वाणी कशी लाभावी आणि त्यांच्यातून नेतृत्व कसे घडावे?

गणेशोत्सवातील वक्तृत्वस्पर्धेचे दृश्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. आठ-दहा वर्षांचे मूल व्यासपीठावर येते. घरच्यांनी लिहून दिलेले चार परिच्छेद घडाघडा म्हणते, मध्येच अडखळते, पहिल्या रांगेतून आई हळूच शब्द पुरवते, टाळ्या होतात आणि बक्षीस मिळते. हे सारे गोडच आहे. परंतु तेच मूल सोळा वर्षांचे झाले की मंडळाकडे फिरकेनासे होते. आपण अभ्यासाला दोष देतो, मोबाईलला देतो, दिल्लीच्या वातावरणाला देतो. मला कारण निराळे वाटते. दुसऱ्याचे शब्द कसे म्हणावेत हे आपण त्याला शिकविले. त्याचे स्वतःचे शब्द ऐकण्याची वेळ आली, तेव्हा आपण त्याला खुर्च्या मांडायला सांगितले.

यासंबंधी आपल्याच इतिहासातील एक उदाहरण सांगतो. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात एका मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला. मुक्ता साळवे हे तिचे नाव. वय सुमारे चौदा वर्षांचे. मातंग समाजातील ही मुलगी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. तिने निबंधासाठी निवडलेला विषय फुलापाखरांचा नव्हता. मांग-महारांच्या दुःखाचा होता. वेदांवर अधिकार फक्त ब्राह्मणांचा असेल, तर आमचा धर्म कोणता, असा रोकडा प्रश्न तिने विचारला. आपल्या समाजातील स्त्रियांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसते, हे तिने लिहिले. अवघी तीन वर्षे शाळेत गेलेल्या मुलीने हे लिहावे, यात तिची बुद्धी तर आहेच. पण तिच्या शिक्षकांचे मोठेपणही आहे. त्यांनी तिला अक्षरे दिली आणि तिचा प्रश्न तिच्यापाशीच राहू दिला. तो सौम्य करून, सजवून, समाजाला रुचेल असा करून तिच्या हाती परत दिला नाही. वाणी लाभते ती अशी. जे आपल्याला खरोखर सलते, ते बोलण्याची मुभा मिळाली म्हणजे शब्द आपोआप धार घेतात.

तथापि नुसती मुभा पुरत नाही. तिच्यामागे परिश्रमांची शिस्त लागते. येथे न्यायमूर्ती रानडे यांचे स्मरण होते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. पण मला त्यांचे त्याहून मोठे कार्य वाटते ते गोपाळराव गोखले यांना घडविण्याचे. कोतळूकसारख्या कोकणातील खेड्यात जन्मलेला, विशीतला हा शिक्षक रानड्यांच्या सहवासात आला. रानड्यांनी त्याला व्यासपीठावरचे हातवारे शिकविले नाहीत. सरकारी अहवाल वाचायला दिले, आकडे तपासायला लावले, अर्जांचे मसुदे करवून घेतले आणि ते मनासारखे उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा सुधारून घेतले. त्याबरोबरच सार्वजनिक सभेच्या चिटणिसाची आणि तिच्या त्रैमासिकाची खरीखुरी जबाबदारी त्या तरुण वयातच गोखल्यांवर पडली. १८९७ साली लंडनमध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना आणि १९०२ साली मध्यवर्ती विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना गोखल्यांच्या शब्दाला जे वजन आले, ते त्या मसुद्यांच्या कष्टांतून आले. तेव्हा त्यांना चाळिशीही लागलेली नव्हती.

आता आपणां दिल्लीकरांच्या मनातील एका शल्याविषयी. आपली मुले मराठी बोलतात त्यात हिंदी मिसळते. ‘मला भूक लागून राहिली आहे’ असे कोणी म्हटले की आपण हसतो आणि चारचौघांत त्याची नक्कल करतो. त्या हसण्यात द्वेष नसतो हे खरे. पण पुढच्या वेळी ते मूल आपल्याशी हिंदीतच बोलते आणि त्यानंतर मुळी बोलतच नाही. भाषेतील चूक प्रेमाने, एकांतात सुधारता येते. मिटलेले तोंड उघडणे मात्र फार कठीण असते.

शिवाय दोन भाषांत वाढणे हे उणेपण आहे, असे आपण का मानावे? मधू लिमये पुण्यात जन्मले. एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांच्यासारख्यांच्या सहवासात, विद्यार्थिदशेतच राजकीय कार्यात पडून घडले. त्याच लिमये यांना १९६४ साली बिहारमधील मुंगेरच्या मतदारांनी लोकसभेवर पाठविले. पुढे बांक्यानेही निवडून दिले. ज्यांची मातृभाषा मराठी नव्हती, अशा लोकांनी आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी एका मराठी माणसाला निवडले. घराबाहेरच्या भाषेत घरचे संस्कार घेऊन उभे राहणे, ही आपल्या मुलांना लाभलेली संधी आहे. तिची लाज नसावी.

आता या उपदेशाचे आपल्या मंडळापुरते काय करावयाचे? माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली सूचना अशी की, वर्षातून चार संध्याकाळ तरुणांच्या असाव्यात. विषय त्यांनी निवडावा, मग तो आपल्याला अवघड वाटला तरी. नोकरीची चिंता असो, आंतरजातीय विवाह असो, वा ‘आम्ही नेमके कुठले?’ हा त्यांचा जुना प्रश्न असो. त्या संध्याकाळी वडीलधाऱ्यांनी फक्त ऐकावे. शेवटी समारोप करण्याचा मोहही आवरावा.

दुसरी सूचना कामाची. मुलांना पावतीपुस्तक देऊन दारोदार पाठविणे म्हणजे जबाबदारी देणे नव्हे. हिशेबाची वही द्यावी. सभागृहासाठीचा अर्ज, मंडपाच्या परवानगीचा पत्रव्यवहार, पाण्याच्या तक्रारीचा मसुदा त्यांच्याकडून करवून घ्यावा आणि रानड्यांप्रमाणे जवळ बसून तपासावा. मुलींच्या वाट्याला रांगोळी आणि प्रसाद, मुलांच्या वाट्याला ध्वनिक्षेपक, ही वाटणीही आता पुरे झाली. आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शिकण्यासाठी गावाकडून येऊन येथे भाड्याच्या खोल्यांत राहणारे विद्यार्थी आहेत, त्यांना केवळ महाप्रसादाचे आमंत्रण नको, कार्यकारिणीचेही असावे.

तिसरी सूचना सर्वांत अवघड आहे. येता गणेशोत्सव संपूर्णपणे पंचविशीच्या आतील मंडळींवर सोपवावा, निधी आणि निर्णय यांसह. त्यांच्या हातून चुका होतील. एखादा कलाकार ऐनवेळी यायचा नाही, आरती उशिरा सुरू होईल, खर्च थोडा वाढेल. त्या वेळी ‘आम्ही सांगत होतो’ हे तीन शब्द आपण गिळावेत. नेतृत्व चुकांची किंमत भरूनच मिळते आणि ती किंमत भरण्याइतकी या मंडळाची ऐपत आहे.

मित्रहो, ही किंमत पैशांची कमी आणि मानाची अधिक आहे. खुर्ची सोडणे कोणालाच सोपे नसते. विशेषतः परक्या शहरात जिने आपल्याला ओळख दिली, ती सोडणे. पण पन्नास वर्षे सांभाळलेली वास्तू हाती घ्यायला कोणी उरलेच नाही, तर त्या सांभाळण्याला अर्थ काय राहील?

मागच्या रांगांतील मित्रांना एवढेच सांगतो. कोणी बोलावण्याची वाट पाहू नका. तुम्हाला जे सलते, ते नीट अभ्यासून आणा, मोडक्यातोडक्या मराठीत का होईना, पण स्वतःच्या शब्दांत मांडा. ऐकण्याची हमी आज या सभागृहातील आम्ही वडील मंडळींनी द्यावयाची आहे.