पुढच्या एका लुगड्याचा हिशेब

उत्पादन किती करावे हा प्रश्न कारखानदार बहुधा सरासरी खर्चाच्या आधाराने सोडवितो. परंतु सरासरी ही होऊन गेलेल्या व्यवहाराचे सार सांगते, आणि निर्णय तर सदैव पुढच्या नगाविषयी घ्यावयाचा असतो.

रुपयाचे सोळा आणे होत त्या काळातील इचलकरंजीचा एक मागमालक कल्पू या. त्याच्या लुगड्यांच्या काठांची पेठेत स्वतंत्र ओळख असल्यामुळे भाव काहीसा त्याच्या हाती आहे. आठवड्याला १०० लुगडी १० रुपये भावाने खपून १००० रुपये जमा होतात. एकशेएकावे लुगडे खपवावयाचे, तर भाव एक आण्याने उतरवावा लागतो, आणि हा आणा त्या एकट्या लुगड्यावर नव्हे, तर आधीच्या शंभरांवरही सोडावा लागत असल्यामुळे एकूण जमा होते १००३ रुपये ११ आणे. म्हणजे जवळजवळ दहा रुपयांस विकलेल्या त्या लुगड्याने तिजोरीत भर घातली अवघ्या ३ रुपये ११ आण्यांची. ही सीमांत प्राप्ती. त्याच लुगड्याचे सूत, रंग व मजुरी यांपायी वाढलेले ५ रुपये, हा सीमांत खर्च. सरासरी खर्च ८ रुपयेच पडतो असे दाखवून मुनीम नफ्याची ग्वाही देईल, पण मालकाच्या पदरी येते १ रुपया ५ आण्यांची तूट. तेव्हा सीमांत प्राप्ती सीमांत खर्चाहून अधिक असेतो उत्पादन वाढवावे, आणि दोन्ही समान होताच हात आखडावा. गाळ्याचे भाडे या हिशेबात येत नाही, कारण माग चालो वा न चालो, ते द्यावेच लागते. धंदा ठेवावा की मोडावा, हे ठरविताना मात्र ते वगळून चालणार नाही.

हेच तत्त्व मांडताना फ्रेंच पंडित कूर्नो यांनी १८३८ साली खनिज झऱ्याच्या मालकाचे उदाहरण घेऊन दाखविले, की पाण्याला खर्च काहीच नसला तरी ते सगळे विकण्यात मालकाचे हित नसते, कारण अधिक विकावयाचे तर भाव उतरवावा लागतो. याउलट, ज्वारीच्या एका पोत्याने बाजारभाव हलत नसल्यामुळे शेतकऱ्याची सीमांत प्राप्ती म्हणजे चालू भावच.

ऑक्सफर्डचे अर्थशास्त्रज्ञ हॉल व हिच यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या चौकशीत मात्र बहुसंख्य कारखानदार सरासरी खर्चावर ठराविक नफा चढवूनच किंमत ठरवितात, असे आढळले. आणि त्यात नवल नाही, कारण एकशेएकाव्या लुगड्याचे पान कोणत्याच कीर्दीत वेगळे नसते. म्हणून माल वाढविण्यापूर्वी मालकाने मुनिमाकडे दोनच आकडे मागावेत: एकूण जमेत भर किती, आणि एकूण खर्चात भर किती.