खाऱ्या पाण्याची टाकी आणि जयसिंगपूरचा उन्हाळा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर केलेले भाषण)



मला ‘बचत’ या विषयावर बोला असं सुचवलं होतं. बँकेत पस्तीस वर्षं तेच बोललो, म्हणून आज आमच्या हॉलमधल्या माशांच्या टाकीवर बोलतो. तुम्ही येता-जाता विचारता, “काका, माशांना पंखा कशाला?” त्याचं हे उत्तर.

पाच वर्षांपूर्वी आमच्या सौ.ला पक्षाघात झाला. उजवा हात आणि वाचा गेली. पुण्याच्या मुलानं आपली खाऱ्या पाण्याची टाकी इथं आणून ठेवली. म्हणाला, “आईला बघायला काहीतरी असू दे.” दोनशे लिटर पाणी, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाऊनफिश आणि एक निळा डॅमसेल. समुद्र राहिला घाटाखाली, त्यामुळे मत्स्यालयासाठी मिळणारं खास मीठ लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबानं घालावं लागतं. म्हणजे दोनशे लिटरला सात किलो. घरातलं मीठ चालत नाही.

वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी सांगितलं होतं, रोज काहीतरी मोठ्यानं वाचायला लावा. मग सकाळ-संध्याकाळ टाकीचा थर्मामीटर सौ.नं वाचायचा आणि मी वहीत लिहायचा, असा नेम ठेवला. तीन महिन्यांनी ‘सव्वीस’ हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा स्वच्छ निघाला.

या माशांना २४ ते २७ अंश मानवतं. पाणी तापलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो, आणि माशाची गरज मात्र वाढते. मासे वर येऊन कल्ले भराभरा हलवू लागले की समजावं, पाणी तापलं. समुद्राचं तापमान सावकाश बदलतं, त्यामुळे तिथल्या जिवांना एक-दोन अंशही भारी पडतात. १९९८ साली लक्षद्वीपचा समुद्र नेहमीपेक्षा तापला, तर तिथले प्रवाळ पांढरे पडून मोठ्या प्रमाणावर मेले.

पहिल्या मे महिन्यात आमच्या स्लॅबखालच्या घरात पाणी ३१ वर गेलं. मी घाबरून आठ किलो बर्फ आणला आणि थेट टाकीत ओतला. अर्ध्या तासात पाणी चार अंश उतरलं. मला वाटलं, जिंकलो. सकाळी डॅमसेल तळाशी मरून पडला होता. सौ.नं त्या दिवशी थर्मामीटर वाचला नाही. चूक माझीच. पाणी एकदम गार झालं, शिवाय बर्फाच्या पाण्यानं खारेपणाही उतरला.

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दोनशे लिटर पाणी एक अंश उतरवायला दोनशे किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळून पाण्याइतका होताना शंभराच्या आसपास खेचतो, म्हणजे अर्धा अंश. पण एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातं! म्हणून पंखा. टाकीचं झाकण काढून वर जाळी टाकली आणि छोटा पंखा पाण्यावर सोडला. आपल्याकडची मार्च-एप्रिलची हवा कोरडी असल्यानं दोन-तीन अंश सहज उतरतात. उडालेल्या पाण्याच्या जागी मात्र गोडं, फिल्टरचंच पाणी घालायचं. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं.

फ्रीजरमध्ये पाऊण भरलेल्या, झाकण घट्ट लावलेल्या बाटल्या तयार ठेवतो. एका वेळी एकच बाटली टाकीत तरंगत सोडायची. तासाला अर्ध्या अंशापेक्षा जास्त उतरवायचं नाही, हा माझा नियम. डिसेंबर-जानेवारीत हीटर २५ वर लावतो. थर्मामीटर दोन ठेवावेत, एक कधी खोटं बोलेल सांगता येत नाही.

गेल्या मे महिन्यात आपल्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. सकाळी अकराला वीज गेली. दुपारपर्यंत इन्व्हर्टर संपला, पंखा थांबला, माझ्या चारही बाटल्या वितळल्या. तीन वाजता पाणी तीसवर आणि मासे वर. सौ. एकटक बघत बसलेली. मी जिन्यात येऊन समोरच्या घराची बेल वाजवायला गेलो, तर बेलही बंद! दार ठोठावलं. त्या घरातला मुलगा प्रत्येक मजल्यावर जाऊन आला. ज्याच्या त्याच्या फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या आल्या. तळमजल्यावरच्या वहिनींनी बर्फाचे ट्रे पिशवीत बांधून दिले. त्यानं बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही कुठून तरी पैदा केला. आम्ही तासाला एक-एक बाटली सोडत गेलो. रात्री अकराला वीज आली तेव्हा जिन्यात आठ-दहा जण बसलेले होते.

सौ.नं बॅटरीच्या उजेडात थर्मामीटर वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “सत्तावीस. चहा टाका.” पक्षाघातानंतर तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य.

दोन्ही मासे आहेत. बघायला जरूर या. आणि उन्हाळ्यात फ्रीजरमध्ये एक बाटली भरून ठेवा, कुणाच्या उपयोगी पडेल सांगता येत नाही.