फेकलेला गारवा

नगरच्या मे महिन्यातली संध्याकाळ. साडेसहा वाजून गेले तरी सभागृहाच्या भिंती हात लावू देत नव्हत्या. वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर समईच्या शेजारी, टायरच्या दुकानात असते तशी हवेची निळी टाकी उभी होती. ती पाहून मागच्या रांगेतून आवाज आला, ‘पंक्चर काढणार का?’ सभागृह हसलं, वक्तेही मोकळेपणी हसले.

जलविद्युत प्रकल्पांवर हयात घालवलेल्या या निवृत्त अभियंत्यांचा छापील विषय होता ‘वीज कशी साठवावी?’ पण पहिल्या पाच मिनिटांतच श्रोत्यांच्या लक्षात आलं की त्यांच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली आहे. हवा दाबून वीज साठवता येते. ती हवा सुटताना गारठते. हा गारवा जगाने आजवर फेकून दिला, आणि नगरसारख्या उन्हाने भाजणाऱ्या गावाने तरी तो फेकू नये.

घाटघरचं उदाहरण त्यांनी ‘ते तुम्हाला काय सांगायचं’ म्हणत दोन वाक्यांत उरकलं. अकोले तालुक्यात वर एक धरण, सह्याद्रीच्या पलीकडे शहापूरच्या बाजूला खाली दुसरं. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की सुमारे चारशे मीटर खाली सोडायचं. १२५ मेगावॉटचे दोन संच २००८ पासून हेच काम करताहेत. पण असे कडे आणि असं पाणी सगळीकडे कुठून आणणार? खांडक्याच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात, राळेगणसिद्धीसारख्या गावांत सौरप्रकल्प उभे राहिले. दुपारी ऊन उदंड, तर विजेची ओढ संध्याकाळी.

मग ते जर्मनीतल्या हंटॉर्फला पोचले आणि आवाज चढला. १९७८ पासून तिथे जमिनीखालच्या मिठाच्या पोकळ्यांत हवा दाबून ठेवतात आणि गरजेला तिच्यावर टर्बाइन फिरवतात. क्षमता आज ३०० मेगावॉटच्या आसपास. १९९१ मध्ये अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या मॅकिंटॉशला ११० मेगावॉटचं असंच केंद्र झालं. दोन्हीकडे एकच गोष्ट घडते. हवा दाबताना ती तापते, ती उष्णता बाहेर सोडून देतात. हवा प्रसरण पावताना इतकी गारठते की टर्बाइनला ते सोसणार नाही, म्हणून नैसर्गिक वायू जाळून तिला आधी तापवतात. हंटॉर्फला घातलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम ४२ टक्के परत मिळते. ‘आधी उष्णता फेकली, मग गारवा मारायला इंधन जाळलं,’ असं म्हणताना वक्त्यांना खरोखरच राग आला होता.

सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं बूड तापतं आणि व्हॉल्व्हची पिन दाबून हवा सोडली की बोटाला गार लागतं, हे श्रोत्यांतल्या प्रत्येकाने अनुभवलेलं. हिशेब मात्र थक्क करणारा निघाला. ३० अंशांची हवा एका दमात आठपट दाबली तर कागदावर ती पावणेतीनशे अंशांच्या वर जाते. तीच दाबलेली हवा ३० अंशांवर निववून एका दमात मोकळी केली, तर कागदावर उणे शंभरच्याही खाली. प्रत्यक्षात गळती आणि घर्षण बरंच खातात, पण उरतो तोही गारवा थोडाथोडका नसतो.

इथे त्यांना बोगदा आठवला. तरुणपणी एका भुयाराच्या कामावर पावसाळी रात्रपाळी होती. कातळात जॅकहॅमर चालू होते, दाबाच्या हवेवर. हवा बाहेर टाकण्याच्या भोकाशी भुरकट पांढरं काही जमलेलं. एका कामगाराने ते नखाने खरवडून त्यांच्या तळहातावर ठेवलं. बर्फ होता. कातळाची धूळ मिसळलेला, चिमूटभर, क्षणात विरघळलेला. घामाने निथळणारी माणसं त्या भोकाच्या झोतासमोर आळीपाळीने मान धरत होती. वक्ते बोलता बोलता थांबले, आपला तळहात पाहिला आणि म्हणाले, तेव्हापासून हा विषय सुटलेला नाही.

बोगद्यातून निघालेलं व्याख्यान नगरच्या फराहबाग महालात शिरलं आणि तिथे जवळजवळ वीस मिनिटं रमलं. निजामशाहीत, १५८३ मध्ये पुरा झालेला हा महाल तळ्याच्या मधोमध बांधलेला. जाड भिंती, उंच दालन, आणि पाण्यावरून येणारा कोरडा वारा. पर्जन्यछायेतल्या या मुलखात उन्हाळ्यात हवेत ओल नसते, म्हणून पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. आज नगरच्या घराघरांतला कूलर हेच करतो. आता तळं कोरडं आहे, तरी भर दुपारी आत पाऊल टाकलं की खांद्यावरचं ऊन उतरतं. नगरकरांच्या चेहऱ्यावर अभिमान दिसू लागला तसे वक्तेही खुलले. इमारत बांधतानाच गारव्याचा विचार करणारं हे गाव आहे, हा त्यांचा मुद्दा. पण तो सांगण्यात घड्याळ पुढे गेलं.

दाबलेल्या हवेचा बाकीचा इतिहास मग धावत झाला. फ्लोरिडातले डॉक्टर जॉन गोरी यांनी तापाच्या रुग्णांच्या खोल्या गार ठेवण्याच्या ध्यासातून हवा दाबून-सोडून बर्फ करणारं यंत्र बनवलं, १८५१ मध्ये पेटंट मिळवलं आणि १८५५ मध्ये ते हलाखीत गेले. पॅरिसमध्ये रस्त्याखालून दाबाच्या हवेचे नळ होते, ते १९९४ पर्यंत चालले. शिर्डीसाठी काकडी गावच्या धावपट्टीवर उतरणारी बहुतेक जेट विमानं आतल्या प्रवाशांना गार ठेवतात तीही दाबलेली हवा प्रसरण पाववूनच.

तेवढ्यात मधल्या रांगेतले एक गृहस्थ उठले. दूध शीतकरण केंद्र चालवणारे. त्यांनी शांतपणे विचारलं, दीड टनाचा एसी तासभर जेवढा गारवा देतो, तेवढ्याला बर्फ किती लागेल आणि हवा किती? वक्ते क्षणभर गप्प झाले, मग त्यांनी प्रामाणिकपणे आकडे मांडले. बर्फ साधारण साठ किलो. आठपट दाबलेली हवा दहा हजार लिटरचे तीन टँकर तरी. त्यातही हवा दाबायला लागणारी वीज एसीच्या कितीतरी पट. सभागृहात टाळ्या पडल्या, त्या प्रश्नाला.

वक्ते दुखावलेले दिसले, पण डगमगले नाहीत. नुसत्या गारव्यासाठी हवा दाबणं तोट्याचंच, असं त्यांनी कबूल केलं. ‘पण मळीसाठी साखर कारखाना कोण काढतं?’ १९५० साली प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा राहिला तो साखरेसाठी. मळीपासून मद्यार्क आणि चिपाडापासून वीज, असे जोडधंदे त्यावर पोसले गेले. हवेचंही तसंच. मूळ माल वीज, गारवा जोडीला. त्यांच्या मते पहिली जागा रुग्णालयाची. तिथे गरम पाणी लागतं, गार खोल्या लागतात, श्वसनयंत्रांसाठी दाबाची हवा नळांतून खेळत असतेच, आणि वीज गेली तर दिवाही लागतो. बर्फ दिवा लावत नाही. टाकीच्या आकाराचं म्हणाल, तर सीएनजीच्या रिक्षात दोनशेपट दाबाचं नळकांडं रोज फिरतंच आहे. आपल्या बेसॉल्टमध्ये मिठाच्या पोकळ्या नाहीत, तर इमारतीच्या आवारात अशा नळकांड्यांची रांग लावायची.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. खर्चाचा हिशेब असलेली शेवटची चित्रं त्यांनी भराभर पुढे सरकवली. ती कुणालाच नीट दिसली नाहीत, आणि हे मात्र व्हायला नको होतं. ‘दोन मिनिटं द्या,’ म्हणत त्यांनी टाकीची तोटी उघडली.

टाकीला वीतभर धातूची नळी जोडली होती. हवा तिच्यात आडवी शिरून भोवऱ्यासारखी फिरते आणि एका टोकाने ऊन, दुसऱ्या टोकाने गार बाहेर पडते. फ्रान्सच्या रांक यांनी १९३० च्या दशकात शोधलेली ही युक्ती आज कारखान्यांतली विद्युत पॅनेलं थंड ठेवायला वापरतात. फुस्स आवाजात आभारप्रदर्शन सुरू झालं ते कुणाला ऐकू गेलं नाही. पहिल्या रांगेतल्या बायका हात पुढे करून झोत घेत होत्या. नळीच्या तोंडावर पांढुरकी साय धरली. दोनेक मिनिटांत आवाज बारीक होत थांबला.

दूधवाले गृहस्थ गर्दीतून वर आले. त्यांनी नळीला हात लावलाच नाही. रिकाम्या झालेल्या टाकीच्या पोटावर तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि विचारलं, ‘भरताना तापते ती उष्णता दूध बहात्तर अंशांपर्यंत तापवील का? पाश्चराइझ करायला तेवढंच लागतं.’ वक्त्यांनी खिशातलं पेन काढलं. हॉलचे दिवे मालवायला आलेला शिपाई दाराशी उभा होता.