यंत्रानं लिहिलेला प्रोग्राम
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून मला तिघांनी एकच प्रश्न विचारला. मुलाला किंवा मुलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घातलंय, आता म्हणतात मशीनच प्रोग्राम लिहितंय, मग पुढच्या वर्षाची फी भरायची का त्या पैशात बोअर पाडायचा? हसू नका. ज्यानं विचारलं त्यानं मागच्या वर्षीची फी सोयाबीन विकून भरली आहे. म्हणून लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवते आणि याच प्रश्नावर बोलते. मशीननं लिहिलेला कोड चालता करणं हेच माझं पुण्यातलं काम आहे. वीस वर्षांत आईला ते समजावता आलेलं नाही, आज जमतं का बघू.

मशीनचं हे लिहिणं काही कालपरवाचं नाही. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी 1970 च्या दशकात ‘याक’ नावाचं साधन केलं. एखाद्या भाषेचे नियम त्याला द्यायचे, ती भाषा ओळखणारा प्रोग्राम ते लिहून देतं. आपल्या पुण्यात टाटांची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था 1981 साली सुरू झाली. आराखड्यावरून कोड तयार करणारं टीसीएसचं ‘मास्टरक्राफ्ट’ तिथल्या संशोधनातून आलं. पवईला आयआयटीत प्राध्यापक उदय खेडकर यांनी ज्या ‘जीसीसी’ कंपायलरवर वर्षानुवर्षं शिकवलं, त्या कंपायलरचे काही भागसुद्धा माणूस हातानं लिहीत नाही. प्रोसेसरचं वर्णन असलेली फाइल वाचून छोटे प्रोग्राम ते भाग लिहितात, मग ते कंपाइल होऊन कंपायलरच्या पोटात बसतात.

कंपाइल म्हणजे, माणसाला वाचता येणारा मजकूर यंत्राला चालेल अशा रूपात उतरवणं. मजकुरातलं एक नाव जरी सापडलं नाही तरी कंपायलर अडून बसतो. आपले गणिताचे सर एक पायरी सुटली की पुढचं बघायचेच नाहीत, तसा.

आता गावातलंच उदाहरण देते. आपल्यातल्या एकाचा मुलगा सोलापूरला शेवटच्या वर्षाला आहे. नाव घेत नाही, पण त्याचा बाप आत्ता खाली मान घालून हसतोय. पोरानं प्रोजेक्ट छान निवडला. ‘सोयाबीन 12 पोती’ असं शेतकऱ्यानं मोबाइलवर लिहायचं आणि प्रोग्रामनं आडतीच्या दुकानासारखी पट्टी करून द्यायची. ते वाक्य समजून घ्यायला त्यानं ‘अँटलर’ वापरलं. टेरेन्स पार यांचं हे साधन म्हणजे याकचा पुतण्याच. चाळीसेक ओळींचं व्याकरण दिलं की ते हजारभर ओळींचा जावा कोड लिहितं. तो कोड ‘एक्लिप्स’मध्ये उघडला आणि पडदाभर लाल रेघा. 87 एरर. जानेवारीत रात्री अकराला फोन आला, “आत्या, मशीननं चुकीचं लिहिलंय.”

मी म्हटलं, मशीननं बरोबर लिहिलंय, तू चुकीच्या देवळात उभा आहेस.

हे अणदूरच्या पोराला लगेच कळतं. आपला खंडोबा एक, देवळं दोन. सव्वादहा महिने देव आपल्याकडे, पावणेदोन महिने नळदुर्गाला मैलारपुरात. पौषात पाहुणा अणदूरला दर्शनाला आला तर देव हरवला म्हणून बोंब मारत नाही, नळदुर्गाची गाडी धरतो. एक्लिप्सचं तेच झालं होतं. तयार झालेला कोड ‘टार्गेट’ फोल्डरच्या आत ‘जनरेटेड-सोर्सेस’ मध्ये पडला होता आणि एक्लिप्स फक्त ‘सोर्स’ फोल्डरमध्ये शोधत होतं. त्या दुसऱ्या फोल्डरलाही सोर्स फोल्डर म्हणून मान द्यायचा, एवढंच. दिला, आणि 87 चे दोन एरर उरले.

ते दोन मात्र चिवट होते. ‘हा क्लास दोनदा आहे’ असं कंपायलर सांगत होता. पोरानं आधीच्या रात्री वैतागून तयार कोडची एक प्रत आपल्या फोल्डरमध्ये आणून, वरची पॅकेजची ओळ हातानं दुरुस्त केली होती. म्हणजे आता दोन्ही देवळांत एकेक मूर्ती! आणि हातानं केलेली दुरुस्ती टिकत नाही, कारण व्याकरण बदललं की साधन सगळं पुन्हा लिहितं. ती प्रत पुसायला लावली. व्याकरणाची फाइल योग्य पॅकेजच्या फोल्डरमध्ये ठेवली की पॅकेजची ओळ ‘मेव्हन’ आपोआप घालतं. कोणी काय लिहायचं, कुठं ठेवायचं, हे सगळं मेव्हनच्या एका फाइलमध्ये नोंदवलेलं असतं. देव न्यायच्या वेळी दोन्हीकडचे मानकरी लेखी करार करतात ना, तसं समजा.

कंपाइल झालं. चालवलं, तर पहिल्याच वाक्याला बंद पडलं. तेव्हा मी त्याला तयार फाइलची पहिली ओळ मोठ्यानं वाचायला सांगितली. ही ओळ कोणी वाचत नाही. कशावरून आणि कोणत्या आवृत्तीनं हा कोड लिहिला, हे तिथं स्पष्ट असतं. कोड लिहिणारं साधन नवं होतं, चालवणारी लायब्ररी जुनी. अँटलरच्या 4.10 आवृत्तीपासून आतल्या तक्त्यांची मांडणी बदलली आहे, त्यामुळे जुन्या लायब्ररीला तो तक्ता वाचताच येत नाही. दोन्ही आवृत्त्या सारख्या केल्या. रात्री दीड वाजता त्याच्या मोबाइलवर बारा पोत्यांची पट्टी आली.

या सगळ्यात मशीननं लिहिलेल्या हजार ओळींपैकी एकही आम्ही बदलली नाही. व्याकरण, फोल्डर आणि आवृत्ती, एवढ्यालाच हात लावला. माझ्या धंद्यातला हा जुना नियम.

पण चॅटजीपीटीसारखी नवी मंडळी लिहितात त्या कोडला हा नियम लागू नाही, आणि तुमच्या फीचा प्रश्न इथं येतो. अँटलरच्या कोडमागं व्याकरण असतं. तेच व्याकरण दिलं की तोच कोड पुन्हा मिळतो. या नव्या यंत्राला तीच विनंती उद्या केली तर वेगळा कोड येईल, कधी अस्तित्वात नसलेल्या फंक्शनचं नावही ते बेधडक लिहून देतं. त्यामागं बोट ठेवायला मूळ फाइल नाही. म्हणून तो कोड घेतला की तोच मूळ झाला, आणि त्यातली ओळ न् ओळ वाचणं आपल्या गळ्यात पडलं.

त्याच पोरानं पुढं पट्टीतून हमाली आणि तोलाई वजा करायचा भाग या यंत्राकडून लिहून घेतला. एकही एरर नाही, झटक्यात कंपाइल. फक्त हमाली पोत्यावर धरायची ती क्विंटलवर धरली होती. कंपायलरला हमाली कळत नाही. पोराला कळली, कारण बापाबरोबर तो अडत्याकडं बसलेला आहे आणि कोड वाचायला कॉलेजात शिकलेला आहे. यातलं एक जरी नसतं तरी ती पट्टी तशीच गेली असती.

तेव्हा माझं मत विचारलंत तर, फी भरा. मात्र पोराला विचारा की तू लिहितोस किती, आणि वाचतोस किती. दुसऱ्याचं उत्तर देताना अडखळला तर काळजी करा. आणि नोकरीची हमी मी देत नाही, ती पूर्वीही कोणी देत नव्हतं.

मी सोमवारपर्यंत गावात आहे. ज्यांची पोरं अडलीत त्यांना उद्या सकाळी नऊनंतर घरी पाठवा. लॅपटॉपबरोबर चार्जर आणायला सांगा, आमच्या गल्लीत लाइट साडेदहाला जाते. आणि पडद्याचा तिरका फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. एररचा मजकूर अख्खा पाठवा, पहिल्या ओळीपासून.