म्हातारी मोटार आणि मालकाचा खिसा



या व्यासपीठावरून मोठमोठे पंडित बोलून गेले. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे गॅरेजच्या खड्ड्यात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा आम्ही आमच्या आटोक्यातला विषय घेतला आहे : मोटार किती वर्षे जगते, आणि म्हातारी मोटार पोसणे महाग का पडते?

मुंबईकरांच्या ओळखीचेच उदाहरण घेऊ. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली 'फियाट ११०० डिलाइट' १९६४ साली टॅक्सी म्हणून रस्त्यावर आली. पुढे तिचेच नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेवच्या आर. टी. ओ. कचेरीत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीच्या वयाची मर्यादा २००८ मध्ये २५ वर्षे ठरली होती, ती २०१३ मध्ये २० वर आली. त्या हिशेबाने ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनीची टॅक्सीसेवा संपली. हा शेवट सरकारी कागदाने केला. परंतु त्याआधीच पुष्कळ मालकांनी आपल्या पद्मिनी आपल्या हाताने भंगारात घातल्या होत्या. त्या का घातल्या, ते पाहू.

इंजिन थकले की गाडी मेली, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक इंजिन मोठे चिवट असते. रिंगा झिजल्या, ऑइल जळू लागले, तर बोरिंग करून, मोठे पिस्टन घालून ते पुन्हा उभे करता येते. मरण येते ते पत्र्यातून. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नव्हती. पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी तळ सडला, की एका जागी ठिगळ मारावे तो शेजारचा पत्रा सुटतो. रबर तर गाडी उभी असली तरी कडक होऊन चिरते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पिते आणि आतले भाग गंजवते. म्हणून कमी फिरलेली जुनी गाडी नवी समजून घेणारा फसतो.

दुसरे कारण सुट्या भागांचे. कारखाना थांबला की आज ना उद्या माल आटतो. मग एका मेलेल्या गाडीच्या अवयवांवर तीन गाड्या जगतात. नकली भाग स्वस्त मिळतो, पण तो लवकर जातो आणि मिस्त्रीची मजुरी दोनदा द्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून सरकारी शुल्कही वाढले. पंधरा वर्षांवरील खाजगी मोटारीच्या फेरनोंदणीला ६०० रुपयांऐवजी ५,००० रुपये झाले.

तिसरे कारण खाड्याचे. आमचे एक सभासद म्हणत, "जुन्या गाडीला हप्ता नाही, म्हणजे ती फुकटच!" आम्ही त्यांना एक वही दिली. एका बाजूला दुरुस्ती, दुसऱ्या बाजूला गाडी गॅरेजात उभी राहिली ते दिवस. वर्षअखेर बेरीज केली, तेव्हा बिलांपेक्षा बुडालेल्या रोजीचा आकडा मोठा निघाला. ते गप्प झाले. मग आम्ही नव्या गाडीचे वर्षाचे हप्ते मांडले. ते या दोहोंच्या बेरजेहूनही जास्त निघाले. तेव्हा आम्हीही गप्प झालो. त्यांनी ती गाडी आणखी दोन वर्षे चालवली, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही.

आज गाड्या पूर्वीपेक्षा अधिक टिकतात. अमेरिकेत २०२४ साली रस्त्यावरील मोटारींचे सरासरी वय १२.६ वर्षे होते. पण नव्या गाडीतली इलेक्ट्रॉनिक पेटी बिघडली, तर पान्याने ती दुरुस्त होत नाही. सबंध बदलावी लागते. म्हणून आमच्या मागण्या दोन आहेत. उत्पादन थांबवल्यावरही ठराविक वर्षे सुटे भाग पुरवण्याचे बंधन कारखानदारावर असावे. आणि गाडी मोडीत काढायला लावताना नव्या गाडीसाठी परवडेल असे कर्ज चालकाच्या हाती पडावे. धूर आम्हालाही नकोच आहे. सिग्नलला तो आधी आमच्याच छातीत जातो.

तोवर प्रत्येकाने वही ठेवावी. दुरुस्ती आणि खाडे यांची बेरीज नव्या हप्त्यांना भिडली, की त्या दिवशी जुन्या गाडीला नमस्कार करावा, त्याआधी नाही.