शिंगणापूरच्या शेजारी गायतोंडे

मंडळी, किंमत आधीच सांगून टाकतो. २०२१ साली वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र लिलावात ३९ कोटी ९८ लाखांना गेलं. (मागून: "म्हणजे किती टन ऊस?" हशा.) हसा, पण गायतोंडे २००१ मध्येच गेले होते. त्यातला रुपयाही त्यांना मिळाला नाही. आता किमतीचा विषय संपला.

माझं म्हणणं असं की, गायतोंडे समजायला सोनईकराला मुंबईकरापेक्षा कमी वेळ लागावा. शिंगणापूर आपल्या शेजारी. उघड्या चौथऱ्यावर शनीची पुरुषभर उंचीची काळी शिळा. नाक नाही, डोळे नाहीत. ही शिळा कुणासारखी दिसते, असं तिथं कुणी विचारतं का? नेवाशाला ज्ञानेश्वरांच्या पैसाच्या खांबापुढं आपण असेच हात जोडतो. मग नुसत्या रंगाच्या कॅनव्हाससमोर "हे कशाचं चित्र?" म्हणून का अडायचं?

जन्म १९२४, नागपूर. घराणं गोव्याचं, वाढले गिरगावच्या चाळीत, १९४८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पदविका. हुसेन, रझा यांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुप या चित्रकारांच्या गटाशी त्यांचं नातं तुम्हाला ठाऊक आहे, पुढं जातो. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, तिथं अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोंना भेटले. लगेच लोक म्हणतात, "म्हणजे अमेरिकेची नक्कल." हे मला साफ नामंजूर आहे! त्याआधीच त्यांच्या चित्रांतून माणसं आणि वस्तू गेल्या होत्या.

ते काम कसं करत, ते सांगतो. कॅनव्हासवर रोलरनं पातळ रंगाचा थर. तो वाळू द्यायचा, मग दुसरा, तिसरा. कुठं पॅलेट नाइफनं खरवडायचं. कधी वर्तमानपत्राचे, मासिकांचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबायचे आणि अलगद उचलायचे. कागदाबरोबर थोडा रंग निघतो, खालचा थर उजळतो. म्हणून त्या चित्रांत उजेड आतून आल्यासारखा वाटतो. वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास. बाकीचा काळ बघण्यात, थांबण्यात. हे थांबणं मी कामच धरतो. दिवसाला एक चित्र उरकणाऱ्याच्या हाती हा उजेड लागत नाही. थर वाळायला जो वेळ लागतो तो...

(व्यासपीठावरून चिठ्ठी.) पाचच मिनिटं? बरं. १९७१ ला पद्मश्री, पुढं मुक्काम दिल्लीला. १९८४ च्या अपघातानंतर मोठी चित्रं काही वर्षं थांबली, तेव्हा कागदावर शाईनं लहान चित्रं केली. २०१४ ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये मोठं प्रदर्शन झालं. त्यांच्या झेनच्या ओढीबद्दल बोलायचं होतं, ते राहिलं.

समोर चित्रकलेचे शिक्षक बसलेत, त्यांना विनंती. एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी घ्याच. पण एक तास मुलांना रोलर आणि रद्दी द्या. कागद उचलल्यावर खाली काय उमटलं ते त्यांना पाहू द्या, आणि "हे काय काढलंस?" असं विचारू नका.