डेट अलाइन करणे

(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



"पाच मिनिटं बोल, पण कॉम्प्युटरवर नको," असं संयोजकांनी बजावलंय. म्हणून मराठीच्या तासाबद्दल बोलते. कॉम्प्युटर थोडासा येईलच, तेवढं चालवून घ्या.

आठवीत सहामाहीनंतर कोणीतरी प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतःच ठोकली होती, हे काहींना आठवत असेल. ती मी. गणितात ३१ होते. (मी इंजिनिअर झाले यावर गणिताच्या सरांचा अजून विश्वास बसलेला नाही.) बाईंनी नाव घेतलं नाही. खडू उचलून म्हणाल्या, "असं करणाऱ्याला काय म्हणाल?" मागच्या बाकांना तर पर्वणीच. लबाड, लुच्चा, चालू, बेरकी, बनेल, ढोंगी, कावेबाज, भामटा... फळा भरला. मी वहीत मान खुपसून बसले होते.

मग बाई एकेक शब्द पारखायला लागल्या. लबाड तर आजी नातवालाही म्हणते, त्यात लाड असतो. बेरकी म्हणताना मनात थोडं कौतुकच असतं. कावेबाजाला डाव आखावा लागतो, तेवढी अक्कल या मुलाला कुठली? ('मुलाला' म्हणाल्या, मी सुटले.) शेवटी सगळं पुसून त्यांनी दोनच शब्द लिहिले : खोटी सही. "माणसाला नाव ठेवायची घाई नको. त्याने केलं काय, ते आधी लिहा."

त्या यादीतला 'भामटा' मी आता वापरत नाही. ते एका जमातीचंही नाव आहे, इंग्रजांच्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्यांपैकी. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शब्द मात्र आपल्या तोंडात राहिला.

पुढे नोकरीत आले तर तिथे यातला एकही शब्द नाही! तिथे सगळे 'मॅनेज' करतात, 'ॲडजस्ट' करतात. साधारण बारा वर्षांपूर्वी एक चाचणी व्हायची होती आणि रिपोर्ट शुक्रवारीच जायचा होता. साहेब म्हणाले, "डेट अलाइन करून घे." मी १७ ची १४ केली. चाचणी सोमवारी झाली, सुदैवाने पासही झाली. वर्षअखेरीस माझ्या मूल्यमापनात 'लवचीक' असा शेरा आला.

सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. गाडीची चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ दाखवणारं सॉफ्टवेअर, जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत. ते लिहिणारे माझ्यासारखेच इंजिनिअर. त्यातल्या एकाला २०१७ मध्ये ४० महिन्यांची कैद झाली. मला हादरवलं ते एका छोट्या तपशिलाने. त्या करामतीला कंपनीत नाव होतं 'अकूस्टिक फंक्शन', म्हणजे आवाजाशी संबंधित सोय. 'फसवणूक' असं नाव असतं, तर कितीजणांनी तो कोड लिहिला असता? तेव्हा बाईंचा फळा आठवला. 'ध'चा 'मा' करणं आपण इतिहासात शिकलो. नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या त्या गोष्टीत एक अक्षर बदललं होतं, खरं-खोटं इतिहासकार जाणोत. मी एक आकडा बदलला होता, आणि त्याला 'अलाइन' म्हणत होते.

गेल्या वर्षी माझ्या टीममधल्या एका मुलीने सहज विचारलं, "मॅडम, डेट अलाइन करू का?" हा शब्द तिने माझ्याकडूनच उचलला होता. म्हटलं, "म्हणजे काय करणार, ते मराठीत सांग." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "खोटी तारीख टाकणार."

रिपोर्ट चार दिवस उशिरा गेला. क्लायंट चिडला, माझे साहेबही चिडले, आणि 'लवचीक' हा शेरा या वर्षी आलेला नाही. तो जुना रिपोर्ट मात्र अजून तिथेच आहे, १४ तारखेचा, खाली माझ्या नावाचा. त्याबद्दल मी अजून कोणाला सांगितलेलं नव्हतं.

बाई, प्रगतिपुस्तकावर दुसऱ्या दिवशी बाबांची खरी सही आणली होती, ती तुम्ही पाहिली होती ना?